त्या ‘सायकलचे १० नियम’ मेसेजमधली सायकल म्हणजे बिनइंजिनाची मोटरसायकल आहे

तो मेसेज तुमच्याकडेही फिरून आलाच असेल, वर ‘सायकल घेताय? हे १० नियम तुम्हाला कोणीच सांगणार नाही’ आणि खाली ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’ वाला. मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवलाय. त्यातल्या दोघांनी नुकतीच सायकल घेतलीये आणि एकाने तर वाचल्या वाचल्या टायर दगडासारखे कडक करून घेतले आणि आता मला विचारतोय की मनगटं का दुखतात. म्हटलं चौघांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढू.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मेसेज काय म्हणतो ते पटकन सांगतो. टायरवर लिहिलेली पूर्ण हवा भरा आणि टायर पातळच घ्या. टायर बदलताना इंच जुळवा आणि खाचा खोल बघा, गुळगुळीत टायर ओल्यात घसरतो. पुढचा ब्रेक विसरून जा, उलटे पडाल. सीट जितकी मऊ तितकी चांगली. सीटवर बसून दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. जास्त गियरवाली सायकल घ्या, आणि जड गियरवर चालवलं की पाय बनतात. चेन तेलात भिजलेली ठेवा, ती तुटेपर्यंत चालते, फक्त डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारू नका, चेन जळते. क्लीटवाले, म्हणजे बुटाचा तळ ज्यात अडकतो ते, पेडल लावले की ताकद ३० टक्के वाढते कारण पेडल वर ओढता येतं. सायकल जितकी हलकी तितकी वेगवान. आणि शेवटचा, हेल्मेट एकदा आपटलं की बदला.

लिहिणारा माणूस वाईट हेतूचा नसणार. पण मला वाटतं त्याच्या डोक्यात मोटरसायकल आहे. इंजिन काढून टाकलं की उरते ती सायकल, असा काहीतरी हिशोब. १०० सीसीच्या गाडीचं इंजिन साधारण ६००० वॅट देतं आणि आपण साधी माणसं तासभर आरामात पेडल मारतो तेव्हा १०० ते १५० वॅट निघतात, म्हणजे चाळीस ते साठ पटीचा फरक, आणि शिवाय इथे गाडीवर बसलेला माणूस गाडीच्या चार-पाच पट वजनाचा. एवढा फरक पडल्यावर टायर, सीट, चेन सगळ्याचं गणितच बदलतं ना.

तर हवेपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

टायरच्या बाजूला जो आकडा लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा कमाल मर्यादा असतो. याच्या वर जाऊ नका, एवढंच तो सांगतो. इथपर्यंत भराच असं तो म्हणत नाहीये, कारण टायर बनवणाऱ्याला काय माहीत तुमचं वजन ५० आहे का ९५. हवा किती भरायची हे तीन गोष्टींवर ठरतं, तुमचं वजन, टायरची रुंदी आणि रस्ता. ७५-८० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये साधारण ७० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरतं, तोच माणूस ४० मिमीच्या टायरवर असेल तर ४०-४५ मध्ये मजेत चालतो. आणि मागच्या चाकावर जास्त वजन येतं म्हणून मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. हे आकडे म्हणजे देववाणी नाही, तिथून सुरुवात करा आणि दोन-चार पीएसआय खालीवर करून बघा.

पण कडक टायर पळतो असं वाटतं त्याचं काय? वाटतं हे खरं आहे. कडक टायरवर रस्त्याचा प्रत्येक खडा हातापायात जाणवतो, सगळी सायकल थरथरते आणि आपल्या मेंदूला थरथर म्हणजे वेग असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर टायर मऊ असेल तर खड्यावरून जाताना फक्त टायर दबतो आणि परत फुगतो, आणि कडक असेल तर सायकल अधिक तुम्ही असं सगळं ओझं जरासं वर उचललं जातं आणि ती ताकद तुमच्या स्नायूंत, पोटात, मनगटात थरथरून वाया जाते. वेलोड्रोमच्या, म्हणजे खास सायकल रेससाठी बांधलेल्या, काचेसारख्या ट्रॅकवर कडक टायर बरोबर आहे. तुम्ही वेलोड्रोमवर दूध आणायला जात असाल तर भरा पूर्ण.

पातळ टायरचंही तसंच. एकाच हवेला, एकाच जातीच्या रबरात, रुंद टायर पातळपेक्षा कमी अडखळतो. कारण टायर जमिनीला टेकतो तो भाग, हवा तेवढीच असेल तर क्षेत्रफळाने साधारण तेवढाच असतो, फक्त पातळ टायरमध्ये तो लांबट होतो आणि रुंद टायरमध्ये आखूड आणि आडवा. लांबट भाग म्हणजे टायरची बाजू जास्त वाकणार, जास्त वाकणार म्हणजे जास्त ताकद खाणार. रेसवाले लोक एके काळी २३ मिमी सोडून बोलत नव्हते, मग २५ वर आले, आता २८ आणि त्याहून रुंद सर्रास दिसतात, आणि हे लोक काही आरामासाठी बदलत नाहीत. अर्थात रुंद टायरमध्ये पातळइतकीच हवा भरली तर तो लाकूड होतो, म्हणून रुंदी वाढली की हवा कमी करायची, हे दोन्ही एकत्रच जातं.

हवा फार कमी पण नको. ट्यूबवाल्या टायरमध्ये खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन बारीक भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. आणि रबरी ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी निघत असतेच, पंक्चर नसलं तरी, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पंप लावायचा.

आता टायरचे इंच. हा नियम वाचून मला खरंच हसू आलं, कारण सायकलच्या टायरचे इंच म्हणजे इतिहासाने आपल्याशी केलेली चेष्टा आहे. २६ इंची म्हणून विकला जाणारा माउंटन बाइकचा टायर ५५९ मिमीच्या रिमवर बसतो आणि २६ x १ ३/८ असं लिहिलेला जुन्या साध्या सायकलचा टायर ५९० मिमीच्या रिमवर, दोन्ही २६, एकमेकांवर बसणं अशक्य. अजून मजा म्हणजे २७ इंची जुन्या सायकलचं रिम ६३० मिमी, २७.५ चं ५८४, आणि २९ चं ६२२. म्हणजे २७ हे २९ पेक्षा मोठं आणि २७.५ हे २७ पेक्षा लहान, घ्या! आणि ७००सी म्हणतात ते पण ६२२ च, म्हणजे रोडबाइकचं आणि २९ च्या माउंटन बाइकचं रिम व्यासाला एकच असतं, फरक रुंदीचा. इंचाचा आकडा मुळात हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या अंदाजे व्यासावरून आला आणि वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या जाडीच्या टायरवरून आला, म्हणून हा घोळ.

सोप्पं काम आहे, टायरच्या बाजूला अजून एक आकडा असतो, ३७-६२२ किंवा ५०-५५९ असा. पहिला टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, पहिल्यात थोडं पुढेमागे चालतं, फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर. एवढं बघा, इंच विसरा. आणि ट्यूब घेताना व्हॉल्व्ह पण बघून घ्या, मोटरसायकलसारखा जाडा तो श्रेडर आणि टोकाला बारीक नट असलेला काडीसारखा तो प्रेस्टा. श्रेडरसाठी रिमला ८.५ मिमीचं भोक लागतं, प्रेस्टासाठी ६.५ चं, त्यामुळे जाडा व्हॉल्व्ह बारीक भोकात जाणारच नाही. आणि प्रेस्टात हवा जात नाहीये म्हणून पंपाला शिव्या देण्याआधी तो बारीक नट सैल केलाय का ते बघा. मी पहिल्यांदा केला नव्हता, अर्धा तास घाम काढला.

खाचांचं काय. कारला खाचा लागतात कारण कारचा टायर रुंद आणि चपटा असतो, जोरात पाण्यावर गेला की खाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी तरंगते. टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागेल याचं एक ढोबळ सूत्र नासाच्या लोकांनी विमानाच्या टायरवर काम करून १९६३ मध्ये मांडलं, त्यात वेग हा टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ४० पीएसआयला ते साधारण १०५ किमी ताशी येतं आणि ६० पीएसआयला १२९ च्या आसपास. तुम्ही सायकल १०५ नी चालवत असाल तर टायर ही तुमची सगळ्यात छोटी काळजी आहे. शिवाय सायकलचा टायर गोल आणि अरुंद, पाणी आपोआप बाजूला फेकलं जातं, होडीच्या टोकासारखं.

मग ओल्यात माणसं घसरतात ती कशी? रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या, लोखंडी झाकणं, रूळ, पहिल्या पावसात वर आलेलं तेल, यांच्यावर. तिथे खाचा काही करू शकत नाहीत, तिथे रबर किती चिकट आहे, हवा बेताची आहे का आणि वळताना तुम्ही किती कलताय यावर सगळं आहे. चिखलात आणि सुट्ट्या मातीत मात्र खाचा हव्यातच, तिथे त्या मातीत रुततात. डांबरावर त्याच खाचांचे गठ्ठे वाकत राहतात, घूं घूं आवाज करतात आणि तुमचेच वॅट खातात.

पुढच्या ब्रेकच्या नियमावर मला थोडं चिडायचंय, कारण यात खरंच कुणीतरी आपटेल. आणि इथे तर मोटरसायकलवाले पण हसतील, त्यांनाही माहीत असतं की खरा ब्रेक पुढचाच.

ब्रेक लावला की वजन पुढे जातं. मागचं चाक हलकं होतं, हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून मागचा ब्रेक जोरात दाबला की ते चाक जाम होऊन घसरायला लागतं आणि तुम्ही जवळजवळ तसेच पुढे जात राहता. आकड्यात सांगायचं तर कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट वापरून गुरुत्वाकर्षणाच्या साधारण अर्ध्या जोराने थांबता येतं, फक्त मागच्याने त्याच्या निम्म्याने. ताशी ३० किमीला हिशोब केला तर पहिल्यात सात मीटर लागतात आणि दुसऱ्यात चौदा. समोर मूल आलं, दार उघडलं, कुत्रं आलं, सात मीटरचा फरक म्हणजे काय ते तुम्हीच बघा. मी स्वतः कितीतरी वर्षं फक्त मागचाच दाबायचो, घाबरून, आणि एका उतारावर मागचं चाक माझ्या शेजारी येऊन मला बघायला लागलं तेव्हा अक्कल आली.

उलटं पडायची भीती खोटी नाहीये. पण बरेचदा होतं काय, की सायकल थांबते आणि माणूस थांबत नाही, हात ढिले असतात, अंग पुढे जातं आणि अंगाबरोबर सायकल उलटते. म्हणून ब्रेक लावताना हात घट्ट, पार्श्वभाग मागे आणि खाली, आणि लिव्हर झटक्यात न आवळता लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. रिकाम्या मैदानात संध्याकाळी वीस वेळा करा, दोन्ही ब्रेक लावा, पुढचा वाढवत जा, मागचं चाक घसरायला लागलं की समजायचं वजन पुढे गेलंय, पुढचा जरा सोडायचा. हे एकदा हाताला बसलं की विसरत नाही.

मागचा ब्रेक कधी? रस्ता निसरडा, खडी सुटी, वळणात असताना, किंवा पुढचं चाक पंक्चर. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर मिळतो. दोघांच्या टँडम सायकलवर किंवा लांबलचक सामानवाहू सायकलवर उलटायची भीती जवळपास नसतेच, तिथे मागचा जास्त उपयोगी. आणि सगळ्यात आधी कुठला लिव्हर कुठला ब्रेक लावतो ते तपासा, काही देशांत उजवा पुढचा असतो, काहींत उजवा मागचा, उसनी सायकल घेतलीत तर दारातच बघून घ्या.

मऊ सीट. दुकानात बोटाने दाबून बघतो आपण, सोफा घेतल्यासारखं. पण सीटवर वजन पेलायचं असतं ते बसायच्या दोन हाडांनी. फोम किंवा जेल फार मऊ असेल तर हाडं आत बुडतात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो, मग तासाभराने मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि माणूस अजून मऊ कव्हर आणून वर चढवतो! मी चढवलंय, दोन-दोन. सीट थोडी कडक पण तुमच्या हाडांच्या रुंदीची असली तर पहिले काही दिवस दुखतं आणि मग विसरायला होतं. रुंदी घरी मोजता येते, खोक्याचा जाड पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर थोडं वाकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यातलं अंतर मोजा आणि दोनेक सेंटीमीटर वाढवा. ताठ बसून चालवत असाल तर अजून रुंद चालेल, वाकून चालवत असाल तर अरुंद. दहा मिनिटांच्या अंतरासाठी मऊ सीटवर ताठ बसून जाताय तर खुशाल जा, मोटरसायकलवर मऊ सीट चालते ती पण याचसाठी की तिथे तुम्ही नुसते बसलेले असता, पाय फिरत नसतात.

आणि सीटच्या उंचीचा नियम तर गुडघ्यांचा शत्रू आहे. समजा तुमच्या पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, ८० सेंटीमीटर. ग्रेग लेमाँड या सायकल रेसरमुळे गाजलेला एक जुना हिशोब आहे, त्या लांबीला ०.८८३ ने गुणा, तेवढं अंतर क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्याच्याभोवती फिरतात तिथून) सीटच्या वरपर्यंत. ८० ला ते ७०.६ येतं. क्रँकचा मध्य जमिनीपासून साधारण २७ सेंटीमीटर वर असतो, सीटचा दांडा थोडा तिरका जातो ते धरून सीट जमिनीपासून ९४-९५ वर येते. पाय ८० चा, सीट ९४ वर. पाय पूर्ण टेकणार कसे? फार तर सायकल कलती करून एका पायाची बोटं टेकतील, आणि तेच बरोबर आहे, थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. दोन्ही पाय टेकवायचे म्हणून सीट तेवढी खाली घेतली तर गुडघा कायम दुमडलेलाच राहतो, पंधरा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि महिनाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं.

गुणाकार नको असेल तर टाचेची पद्धत आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न झुकता. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, गुडघ्याच्या मागे असेल किंवा कंबर डोलत असेल तर वर आहे. एका वेळी अर्धा सेंटीमीटरच बदला. नवीन शिकणाऱ्याने पहिले काही दिवस सीट खाली ठेवली तर त्याला माझी काही हरकत नाही, पण मग वर घ्यायला विसरू नका.

गियर. २१ गियर म्हणजे २१ वेगळे गियर नसतात हे कुणीतरी मोठ्या अक्षरात खोक्यावर लिहायला पाहिजे. पुढे २८, ३८, ४८ दातांच्या तीन चेनरिंग आणि मागे १४ ते २८ ची सात चक्रं असा सेट घ्या. पुढे २८ मागे १६, पुढे ३८ मागे २२, पुढे ४८ मागे २८, या तिन्हींचं गुणोत्तर १.७५, १.७३, १.७१, म्हणजे पायाला एकच गियर तीनदा. २८-१४ आणि ४८-२४ तर तंतोतंत २. असे सगळे दुहेरी काढले की बारा-तेराच उरतात, आणि त्यातले दोन-तीन असे की चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तिरकी ताणली जाते, ते वापरू नयेत.

खरा प्रश्न हा की सगळ्यात हलका गियर किती हलका आणि सगळ्यात जड किती जड. या २१ वाल्यात गुणोत्तर १ पासून ३.४३ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन पट. पुढे एकच ३२ ची चेनरिंग आणि मागे १० ते ५१ ची बारा चक्रं असलेल्या सायकलमध्ये ०.६३ पासून ३.२ पर्यंत, पाच पटीहून जास्त, आणि गियर बाराच. चढावर काय होतं बघा, दहा टक्क्यांचा चढ, तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो, ताशी ७ किमी. लागतात साधारण १७० वॅट, दोन्ही सायकलींवर तेवढेच. पण १ गुणोत्तराच्या गियरवर पाय मिनिटाला ५५ वेळा फिरतात आणि ०.६३ वर ८० च्या पुढे, म्हणजे प्रत्येक वेळी दाबायचा जोर बराच कमी. जड गियरने पाय बनतात म्हणे. हळू आणि जोरात दाबलं काय आणि भरभर हलकं दाबलं काय, वॅट तेवढेच, पण पहिल्यात गुडघा भरडतो आणि मांडी लवकर थकते. सपाटीवर मिनिटाला ८०-९० फेऱ्यांची सवय लावा, पहिल्यांदा पाय वेड्यासारखे फिरतायत असं वाटेल. अर्थात सगळा रस्ता सपाट असेल तर बिनगियरची सायकल पण उत्तम आहे, कमी कटकट.

चेनचा नियम मला सगळ्यात आवडतो कारण त्यात मोटरसायकल चक्क रंगेहाथ सापडते. आजच्या बऱ्याच मोटरसायकलच्या चेनमध्ये कड्यांच्या मध्ये रबराच्या रिंगा असतात, ग्रीस आतच बंद राहतं, बाहेरून तेल मारायचं ते मुख्यतः गंजू नये आणि रिंगा सुकू नयेत म्हणून. सायकलच्या चेनला असलं काही सील नसतं. तेल लागतं आत, पिना आणि रोलरच्या मध्ये, आणि बाहेर जेवढं तेल दिसतंय तेवढी धूळ चिकटणार, धूळ अधिक तेल म्हणजे घासायची पेस्ट, ती आत जाऊन पिना खाते. म्हणून प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. चेनला बोट लावल्यावर ते काळंकुट्ट झालं तर तेल जास्त आहे. चालवताना किरकिर आवाज आला तर कमी.

तुटेपर्यंत चालते हे पण नाही. चेन ‘ताणली गेली’ म्हणतात पण लोखंड काही लांबत नाही, प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते आणि शंभराहून जास्त पिनांची झीज मिळून चेन लांब होते. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत अंतर अर्धा इंच असतं. म्हणून साधी फूटपट्टी पुरते, एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवा, तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. दीड मिलीमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आलीये, तीन मिलीमीटर पुढे गेली तर मागची चक्रं पण गेली समजा, कारण लांबलेली चेन दातांना आपल्या मापाने घासून घेते आणि मग त्यावर नवी चेन घातली की जोर लावल्यावर खटकन घसरते. ११-१२ स्पीडच्या पातळ चेनला दीड मिलीमीटरपर्यंत पण न थांबलेलं बरं. चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचावर, दोन-तीन चेन आरामात जातात.

डब्ल्यूडी-४० ने चेन जळत वगैरे काही नाही. १९५३ मध्ये ते बनलं, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न, सुरुवातीला वापरलं गेलं अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. निळ्या डब्यातलं नेहमीचं वालं घाण सोडवायला आणि पाणी काढायला छान आहे, पण चेनचं तेल म्हणून ते टिकत नाही, लवकर उडून जातं. मारा, पुसा, सुकू द्या, मग खरं चेनचं तेल घाला. एवढंच आहे ते.

क्लीटचं पटकन उरकतो. पेडल वर ओढून ३० टक्के ताकद वाढत नाही. प्रयोगशाळेत सायकलस्वारांना मुद्दाम वर ओढायला सांगून मोजलंय, पेडलवरचा जोर कागदावर सुंदर दिसतो पण त्याच कामाला शरीर जास्त ऊर्जा खर्च करतं. नेहमीच्या चालवण्यात मागचा पाय फक्त स्वतःचं वजन उचलतो, काम पुढचा पाय खाली दाबूनच करतो. क्लीटचा फायदा हा की भरभर फिरवताना, खडबडीत रस्त्यावर किंवा उभं राहून जोर लावताना पाय पेडलवरून सुटत नाही, पाय रोज त्याच जागी बसतो. हे पेडल स्कीच्या बूट अडकवायच्या यंत्रणेवरून आले, लूक या कंपनीचे, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स ही रेस बर्नार इनो त्यावर जिंकला तेव्हापासून सगळ्यांना हवेसे झाले. सिग्नलला पाय न सुटून उभ्या उभ्या आडवं पडणं हा मात्र यातला अनिवार्य अभ्यासक्रम आहे, माझा तीनदा झालाय.

पेडल बदलणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. पाना वरच्या बाजूला धरा, दोन्ही पेडलं पुढच्या चाकाकडे फिरवली की घट्ट, मागच्या चाकाकडे फिरवली की सैल. आणि लावताना आट्यांवर ग्रीस, नाहीतर वर्षभराने दोन माणसं आणि एक पाइप लागतो.

हलकी सायकल वेगवान, हा अर्धा खरा आहे. चढावर वजन मोजलं जातं, पण सायकलचं एकटीचं नाही, तुमच्यासकट सगळ्याचं. ८५ किलोत एक किलो कमी म्हणजे साधारण १.२ टक्के, तासाभराच्या चढावर चाळीसेक सेकंद. रेसवाल्याला ते सोनं आहे, आपल्याला ते पाण्याच्या बाटलीचं वजन आहे. सपाटीवर तर फरक जाणवतच नाही, तिथे ताशी १५-२० च्या पुढे मुख्य भांडण हवेशी असतं, कोपर वाकवून अंग थोडं खाली घेतलं किंवा फडफडणारं जाकीट बदललं तर किलोभर वजनापेक्षा जास्त फायदा. आणि ‘चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन’ हे वेग वाढवताना रिमच्या वजनाला जवळपास खरं आहे, पण एका वेगाने चढ चढताना चाकावरचा ग्रॅम हा एकच ग्रॅम असतो. आंतरराष्ट्रीय रेसमध्ये तर २००० सालापासून सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही.

राहिला दहावा, हेल्मेटचा. तो बरोबर आहे, एकदम बरोबर. आतला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, डोक्याचा धक्का तो स्वतः चिरडून घेतो, आणि चिरडलेला बाहेरून दिसेलच असं नाही. फक्त एक जोडतो, नवीन हेल्मेट घालून आरशात बघा, भुवया आणि हेल्मेट यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत, जास्त नको. टोपीसारखं मागे सरकवून घातलेलं असेल तर कपाळ उघडंच राहतं, आणि माणूस बरेचदा पुढे पडतो.